होपेगार्टनच्या शर्यती

बर्लिन, सोमवार

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

काल मी घोड्यांच्या शर्यती पाहून आले. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकल महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळून जाऊ लागली की बाबा आम्हा भावंडांना दुसऱ्या खिडकीकडे वळवून बसवत, हे मी विसरलेले नाही.

होपेगार्टन बर्लिनच्या पूर्वेला, शहराची हद्द संपताच लागते. अलेक्झांडरप्लात्झहून लोकलने साधारण अर्धा तास. १७ मे १८६८ रोजी प्रशियाचा राजा पहिला विल्हेल्म आणि बिस्मार्क यांच्या उपस्थितीत येथे शर्यती सुरू झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग पूर्व जर्मनीत गेला आणि मैदान सरकारी मालकीचे झाले. भिंत पडल्यावर ३१ मार्च १९९० रोजी पूर्व आणि पश्चिम जर्मनीचे घोडे येथे एकत्र धावले, तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास लोक लोटले होते. बाबा, त्या दिवशी कोणता घोडा जिंकला याची फारशी कोणाला फिकीर नसावी, असे आपले मला वाटते.

शर्यतीपूर्वी घोड्यांना झाडांखालच्या रिंगणात फिरवतात, तेथे मी कठड्याला टेकून उभी होते. इतक्या जवळून पाहिले की कातडीखालच्या शिरा मोजता याव्यात, आणि लगामाच्या पट्ट्याखाली घामाचा पांढरा फेस साचलेला दिसावा. त्यांत एक चक्क पंचकल्याणी होता, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा! असा घोडा दाराशी यावा म्हणजे भाग्य, असे आजी सांगत असे. आई, तिच्या भरवशावर मी दोन युरो लावले.

येथे चौदाशे मीटरची सरळ धाव आहे. त्यामुळे सुरुवातीला दूरवर नुसते रंगीत ठिपके हलताना दिसतात, मग हिरवळीवरच्या टापा कानांपेक्षा आधी तळपायांना कळतात, आणि मान वळवेपर्यंत सारे निघून गेलेले असते. आजीचा पंचकल्याणी शेवटून दुसरा आला.

ती दोन युरोंची चिठ्ठी सोबत पाठवत आहे. बाबांनी ती फाडू नये. आजीच्या फोटोमागे खोचून ठेवावी.

तुमची,
धाकटी