कृश मधुमेहींवरील संशोधनासाठी राज्याने बीजनिधी उभारावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मधुमेह हा सुखवस्तू, स्थूल आणि बैठे काम करणाऱ्यांचा आजार, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की मेळघाटातला किंवा नंदुरबारमधील धडगावकडचा एखादा हाडकुळा मजूर थकव्याची आणि वारंवार लघवीची तक्रार घेऊन आला, तर त्याची साखर तपासावी हे अनेकदा उशिरा सुचते. वास्तविक अशा रुग्णांची वैद्यकशास्त्रातली नोंद जुनी आहे. 1955 मध्ये जमैकात या प्रकारचे वर्णन झाले, जागतिक आरोग्य संघटनेने 1985 मध्ये कुपोषणाशी निगडित मधुमेहाला वर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले आणि पुरावा अपुरा असल्याच्या कारणावरून 1999 मध्ये ते काढूनही घेतले. एप्रिल 2025 मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप 5’ म्हणून पुन्हा मान्यता दिली. मधल्या 26 वर्षांत हे रुग्ण कुठे गेले नव्हते. त्यांच्याविषयी पुरावा गोळा करण्यासाठी कोणी पुरेसा पैसा देत नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही मान्यता मिळण्यास ज्या अभ्यासाचा मोठा आधार झाला, तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील आणि न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधील संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एकूण 73 पुरुष होते आणि त्यांतले कृश मधुमेही अवघे 20. या रुग्णांचे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही असे नसून त्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिनच पुरेसे स्रवत नाही, हे त्यातून दिसले. उपचारांच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाची खात्री नाही त्याला इन्सुलिनची मात्रा थोडी जास्त झाली, तरी साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते. मोजक्या रुग्णांचा पण काटेकोर अभ्यास काय करू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

महाराष्ट्राला तर या विषयाची मोठी परंपरा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली नवजात बाळे सरासरी 2.7 किलोंची होती, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची 3.5 किलोंची, तरीही आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. मधुमेहाची पाळेमुळे आईच्या पोषणापर्यंत जातात, हे या गावांनी जगाला दाखवले. मात्र या कामाला मोठे अर्थसाहाय्य मिळाले ते ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टकडून. त्या संस्थेचे ऋण मानावेच, पण आपल्या गर्भवतींच्या अभ्यासाला आपल्या तिजोरीतून सुरुवात का होऊ नये, हा प्रश्न उरतोच.

आज देशात संशोधनासाठी पैसाच नाही, असे म्हणता येणार नाही. केंद्र सरकारने 2025 मध्ये एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास व नवोपक्रम योजनेला मंजुरी दिली. पण ती मुख्यतः खासगी उद्योगांना, तंत्रज्ञान बरेच पुढे गेल्यावर मिळणाऱ्या स्वस्त कर्जासाठी आहे. मोठ्या अनुदानासाठी अर्ज करावा तर प्राथमिक निष्कर्ष मागतात, आणि ते मिळवण्यासाठी लागणारे चार पैसे जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरला कोणी देत नाही. हे कोडे बीजनिधीने, म्हणजे प्राथमिक अभ्यासापुरत्या छोट्या रकमेनेच सुटेल.

प्रयोगशाळेत आयुष्य घालवल्यामुळे मला यातली एक अडचण विशेष जाणवते. मधुमेहाच्या निदानासाठी सर्रास केली जाणारी एचबीएवनसी ही गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी रक्तातल्या तांबड्या पेशींवर अवलंबून असते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या रुग्णात या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे साखर वाढलेली असूनही आकडा कमी दिसू शकतो. उलट लोहाच्या कमतरतेत तो फसवा वाढलेला दिसू शकतो. विदर्भातील आणि नंदुरबारमधील आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. तेव्हा या भागांत कोणती तपासणी भरवशाची, हे आपल्यालाच ठरवावे लागेल. दोनेकशे रुग्णांची उपाशीपोटी आणि ग्लुकोज दिल्यानंतरची साखर, हिमोग्लोबिनची तपासणी, इन्सुलिनचा स्राव कळण्यासाठी सी-पेप्टाइड आणि नमुने थंड ठेवून वेळेत पोहोचवण्याची सोय, एवढ्यावर पहिले उत्तर हाती येईल. माझ्या अंदाजाने हा खर्च 15 लाखांपलीकडे जाऊ नये.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात ज्या 10 नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा प्रारंभ झाला, त्यांत अमरावती आणि गडचिरोली आहेत. नंदुरबारला ते आधीपासून आहे. तेथील तरुण अध्यापकांसाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत असा निधी द्यावा, अर्जाचा निकाल तीन महिन्यांत लागावा आणि पूर्वीच्या शोधनिबंधांची अट घालू नये. मात्र संमतिपत्र कोरकू, गोंडी, भिली बोलणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजे, तपासणीपायी बुडालेला रोज भरून दिला पाहिजे आणि अहवाल त्याच्या हाती पडला पाहिजे. ज्याला मधुमेह निघेल त्याला औषध किंवा इन्सुलिन पुरवण्याची तजवीज नसेल, तर त्याचे रक्त घेण्याचा अधिकार कोणत्याही संशोधकाला नाही.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातील पुरवणी मागण्यांत या निधीसाठी तरतूद करता येईल. वऱ्हाड, गडचिरोली आणि नंदुरबारच्या आमदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून ती मागावी, अशी माझी त्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, अमरावती