मंजुरीआधी बायपासची रेषा एकदा पायांनी चाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या नगरपरिषदेच्या गेल्या महिन्यातल्या सर्वसाधारण सभेत बायपासचा विषय ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून आला. विषयपत्रिकेत तो नव्हता. दोन नगरसेविकांनी हरकत घेतली, मागे बसलेले शेतकरी उठून उभे राहिले आणि शेवटी तो बांधकाम समितीकडे अभ्यासासाठी गेला. समितीने महिनाभरात अहवाल द्यायचा आहे. त्यातले बारा दिवस सरले, पण सदस्यांपैकी कुणी शिवारात उतरल्याचं मला दिसलेलं नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी भूमी अभिलेख खात्यात ३१ वर्षं भूकरमापक होतो. ३३ फुटी साखळी ओढण्यापासून सुरुवात केली आणि मशीनवर मोजणी करताना निवृत्त झालो. कृष्णाकाठची ही जमीन मी कागदावर जेवढी पाहिली, त्याहून जास्त चालून पाहिली आहे.

बायपास नको म्हणणाऱ्यांत मी नाही. दोन वर्षांपूर्वी माघ महिन्यात माझ्या पत्नीच्या छातीत कळ आली. घर ते दवाखाना अंतर दीड किलोमीटरही नाही. मुख्य चौकात उसाच्या दोन डबल ट्रॉल्या समोरासमोर आल्या आणि आमची रिक्षा पंचवीस मिनिटं जागेवर उभी राहिली. पत्नी वाचली. पण त्या पंचवीस मिनिटांत मी जे पाहिलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. गावातून जाणारी अवजड वाहतूक बाहेर काढायलाच हवी. प्रश्न आहे तो ती कुठून काढायची याचा.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मंजूर विकास योजनेतली जुनी रेषा गावाच्या उत्तरेने माळावरून जाते. आता सुचवलेली रेषा दक्षिणेने, गाव आणि नदी यांच्या मधल्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानातून जाते. ती पावणेदोन किलोमीटरने आखूड आहे. जुन्या रेषेवर मधल्या काळात काही ठिकाणी प्लॉट पडले, घरं उभी राहिली. ती हलवणं अवघड, असं सभेत सांगण्यात आलं. यात तथ्य आहे. पण माळावरची घरं हलवणं अवघड असेल, तर मळीतली रानं हलवणं सोपं कसं? घरांची मोजदाद झाली. रानांची, विहिरींची, पाइपलाइनींची कुणी केली का?

ही मोजदाद कागदावर होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. नोकरीत असताना दुसऱ्या एका तालुक्यात रस्त्याच्या संयुक्त मोजणीला मी गेलो होतो. खुणा टाकत निघालो आणि पाहतो तर मध्यरेषा सरळ एका बांधीव विहिरीतून जात होती. गट नकाशावर ती विहीर नव्हतीच. तो नकाशा एकत्रीकरण योजनेच्या, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडले त्या वेळचा आणि विहीर त्यानंतर खोदलेली. कचेरीत बसून रेषा आखणाऱ्याला ती दिसणार कुठून? रेषा वीस मीटर उत्तरेला सरकली असती तर विहीर वाचली असती. १:१०,००० च्या नकाशावर वीस मीटर म्हणजे दोन मिलिमीटर. पण तोवर अधिसूचना निघालेली होती. विहीर मी मोजणी पत्रकात नोंदवली, मोबदल्याच्या हिशोबात ती धरली गेली आणि रेषा तसूभरही हलली नाही. मालक विहिरीच्या काठावर बसून माझ्याकडे बघत होता. माझ्या हातात तेव्हा काहीच नव्हतं.

आमच्या बायपासची रेषा अजून त्या टप्प्यावर पोचलेली नाही. विकास योजनेतली रेषा बदलायची तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची कार्यवाही करावी लागते. राजपत्रात नोटीस, एक महिन्याच्या आत हरकती-सूचना, बाधितांना स्वतंत्र नोटीस, त्यांची सुनावणी आणि मग प्रस्ताव शासनाकडे. या सगळ्याची सुरुवात होते नगरपरिषदेच्या ठरावाने. म्हणजे दोन मिलिमीटर सरकवण्याची मुभा आज आहे, आणि ती समितीच्या सदस्यांच्या हातात आहे. भूसंपादनाचा टप्पा आला की चर्चा मोबदल्यापुरती उरते. तेव्हा रेषेवर बोलणाऱ्याला ‘आता उशीर झाला’ एवढंच ऐकायला मिळतं.

समितीपुढे ठेवलेल्या टिपणीत वाहनगणनेचा एक तक्ता आहे. त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण नव्या रेषेचं सगळं समर्थन त्याच्यावर उभं आहे. ही गणना जूनच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस झाली. नाक्यावर टपरीच्या सावलीत बसून रेघा ओढणारी मुलं मी स्वतः पाहिली. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची १९७२ सालची मार्गदर्शिका सांगते की शहराबाहेरच्या रस्त्यांवर वर्षातून दोनदा गणना करावी: एकदा सुगीच्या आणि बाजाराच्या भर हंगामात, एकदा मंदीच्या काळात. प्रत्येक वेळी सलग सात दिवस, दिवसाचे चोवीस तास. आमच्याकडे जूनमध्ये कारखाने बंद असतात. रस्त्यावर उसाची एक कांडी दिसत नाही. गाव ज्या वाहतुकीने तुंबतं, ती या तक्त्यात आलेलीच नाही.

त्यातून वाहनाचा भार मोजण्याची रीत अशी की मोटार एक एकक धरतात. याच संस्थेच्या १९९० च्या मार्गदर्शिकेप्रमाणे ट्रॅक्टर-ट्रॉलीची साडेचार एककं होतात आणि बैलगाडीची आठ. हंगामात पहाटे नाक्यावर उभं राहा. ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग वेशीपर्यंत लागलेली असते. ती वगळून केलेल्या गणनेवर रस्त्याची रुंदी तरी कशी ठरवायची?

शिवाय किती वाहनं गेली एवढं मोजून बायपास ठरत नाही. वाहन कुठून आलं आणि कुठे निघालं, हे विचारावं लागतं. एसटी गावात थांबणार, शाळेच्या गाड्या गावात येणार, बाजाराच्या दिवशीचे भाजीचे टेम्पो गावातच खाली होणार. यातलं एकही वाहन बायपासने जाणार नाही. जाणार ते ऊस आणि आरपार जाणारे ट्रक. आता आमच्या भागातला बहुतेक ऊस उत्तरेच्या शिवारातून पूर्वेकडच्या कारखान्याला जातो. त्या ट्रॅक्टरने दक्षिणेच्या बायपासवर यायचं तर आधी गाव ओलांडायला हवं. हा साधा मुद्दा टिपणीत मला कुठे सापडला नाही. असेल तर समितीने दाखवावा, मी माझं म्हणणं मागे घेईन.

व्यापाऱ्यांची भीती वेगळी आहे. बायपास झाला की गिऱ्हाईक तुटेल, असं त्यांना वाटतं. ती भीती दोन्ही रेषांना सारखीच लागू आहे, म्हणून रेषा निवडताना तिचा उपयोग नाही.

आता पाण्याचं. आमच्या जुन्या शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने पुराच्या तीन खुणा काढलेल्या आहेत. सगळ्यात खाली २००५, तिच्या वर २०२१ आणि सगळ्यात वर २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या आठवड्यात आमचा ओढा उलटा वाहत होता. नदीची फूग, म्हणजे तुंबलेलं पाणी, ओढ्यातून मागे चढते आणि मळीच्या रानात पसरते. नवी रेषा हा ओढा जिथे ओलांडते, तिथल्या एका मोटारघराच्या भिंतीवर २०१९ च्या गाळाची रेघ अजून दिसते. मी टेप लावून पाहिली. जमिनीपासून अडीच मीटर.

रस्ता त्या पाण्याच्या वर ठेवायचा असेल तर भराव निदान साडेतीन मीटर लागेल. माथ्यावर १२ मीटर रुंदी आणि दोन्ही अंगांना एकास दोन उतार धरला, तर तळाला रुंदी होते २६ मीटर. एका किलोमीटरला माती-मुरूम लागतो ६६,५०० घनमीटर. एवढा मुरूम कुठल्या डोंगरातून आणायचा, हे राहू द्या. पण नदी आणि गाव यांच्या मधोमध अशी भिंत उभी राहिल्यावर गावाकडून उतरणारं पावसाचं पाणी कुठे जाणार? ओढ्यावर एक पूल आणि मध्ये चार मोऱ्या, असं नकाशात दिसतं. पूर ओसरताना मळीतलं पाणी आज चार-पाच दिवसांत उतरतं. ते भरावामागे अडून आणखी आठवडाभर राहिलं तर उसाचे शेंडे कुजतात आणि वर्षाचं पीक जातं. सखल गल्लीतल्या घरांचं काय होईल, ते वेगळंच.

आणि रस्ता जमिनीलगत ठेवायचा असेल, तर ज्या दिवशी त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी तो पाण्याखाली असेल. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेच्या पाण्याने बंद पडला. एवढा मोठा महामार्ग बंद पडतो, तिथे आपल्या दुपदरी बायपासचं काय? पावणेदोन किलोमीटर वाचवून आपण असा रस्ता घेणार आहोत का?

जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. सभेत दाखवलेल्या नकाशावर यातली एकही नव्हती. दोन्ही पूररेषा आणि बायपासच्या दोन्ही रेषा एकाच नकाशावर काढून तो नकाशा नगरपरिषदेच्या दारात लावावा, ही माझी मागणी आहे. त्याला फार खर्च येत नाही. ते नगररचनाकाराचं दोन दिवसांचं काम आहे.

मळीच्या रानात आणखी एक जाळं आहे, ते कुठल्याच नकाशावर नाही. नदीवरून पाणी उचलणाऱ्या पाणीपुरवठा संस्थांच्या आणि खासगी पाइपलाइनी. नदीकाठचं जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, दक्षिणेला, भिजणारं रान उत्तरेला. नवी रेषा या सगळ्या पाइपलाइनी आडव्या कापते. भरावाखालून केसिंग पाइप टाकून त्या नेता येतात, पण आधी त्या कुठे आहेत हे माहीत हवं. ते फक्त शेतकऱ्यांना आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांना ठाऊक आहे. त्यांना कुणी विचारलेलं नाही. तीच गोष्ट पाणंदींची, म्हणजे शिवारातल्या वाटांची. तीन पाणंदी ही रेषा तोडते. एका पाणंदीवर पलीकडच्या वस्तीतली मुलं शाळेत येतात, त्यांनी पुढे भराव चढून-उतरून यायचं का?

समितीतल्या किंवा सभागृहातल्या ज्या सदस्यांची स्वतःची वा जवळच्या नातेवाइकांची जमीन यातल्या कोणत्याही रेषेवर किंवा रेषेलगत आहे, त्यांनी ते इतिवृत्तात नोंदवावं. गावात बऱ्याच गोष्टी कानावर येतात. मी त्या इथे लिहिणार नाही, कारण माझ्याकडे कागद नाही. सातबारा सगळ्यांना बघता येतो, तेव्हा सदस्यांनी स्वतःहून सांगितलेलं बरं.

उत्तरेची रेषा निर्दोष आहे, असा माझा दावा नाही. तिच्यावर उभ्या राहिलेल्या घरांतली काही माणसं माझ्या ओळखीची आहेत; आयुष्याची कमाई त्यांनी त्या भिंतींत घातली आहे. पण ती रेषा माळाच्या वरच्या अंगाने आणखी थोडी उत्तरेला नेता येईल का, हे कुणी पाहिलेलं दिसत नाही. तिथे मुरमाड पड आहे, पाणी चढत नाही आणि भराव जवळजवळ लागणार नाही. अंतर आणखी वाढेल, हे खरं. समितीपुढे दोनच रेषा का ठेवल्या, तिसरी का नाही, याचं उत्तर अहवालात यावं.

समितीच्या सदस्यांना माझी हात जोडून विनंती आहे. अहवालावर सह्या करण्याआधी दक्षिणेची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चाला, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेची. शेतकऱ्यांना आदल्या दिवशी कळवा, म्हणजे ते आपापल्या बांधावर हजर राहतील. ते दाखवतील तेवढं तरी टिपून घ्या. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी पश्चिमेच्या नाक्यावर उभा असेन. टेप, झेंड्या आणि गट नकाशाच्या प्रती माझ्याकडे आहेत. तिथून ओढ्यापर्यंत तासभर लागतो, पुढे आणखी तासभर. ओढ्यात सध्या गुडघाभर पाणी आहे आणि अलीकडच्या काठावर शेवाळ धरलेलं आहे, तेव्हा चपलेऐवजी बूट घालून या.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक,
कृष्णाकाठ