कुऱ्हाडीचं पाप

राजापूर,
श्रावण

चि. बाळू यास,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसलो. सूनबाईने परवा तुझ्या आईला सगळं सांगितलं. रूळ ओलांडणारा तो पोरगा तुझ्या लोकलखाली आल्यापासून तुझं मन थाऱ्यावर नाही. गाडीवरून उतरवा, दुसरं कुठलंही काम द्या, असा अर्ज तू दिलायस. रजेवर बसलायस. ताट पुढे आलं की दोन घास चिवडून उठतोस. ताटाचं मी काही बोलणार नाही. तू स्वतः एका मुलीचा बाप आहेस, भूक लागली की जेवशील.

अर्जाचा फोटो तिने मला पाठवला. तिच्यावर रागावू नकोस, मीच मागितला होता. नोकरी सोडण्याचं मला काही नाही रे. बंडूकाकाची गिरणी गेली तेव्हा घरात काय काय झालं ते तू पाहिलंयस, तरी आपण जगलोच. मला खटकलं ते खालून दुसरं वाक्य. ‘माझ्या हातून एका मुलाचा जीव गेल्यामुळे मी या कामास पात्र नाही.’ हे तुला कोणी सांगितलं? चौकशीत कोणी म्हटलं? साहेब म्हणाले? कोणीच नाही. आरोप तूच केलास, निकालही तूच दिलास आणि शिक्षाही स्वतःच ठरवून मोकळा झालास.

मी आता हिशेब मांडतो. मला तेवढंच येतं. माटुंग्याला वर्कशॉपात माझा सगळा जन्म ब्रेकच्या सेक्शनला गेला. लोकलचे डबे पीओएचला, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला, आले की ब्रेक सिलिंडर खोलायचे, सील बदलायची, हवा सोडून गळती बघायची. ब्रेक काय करू शकतो आणि काय करू शकत नाही हे मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. इमर्जन्सी ब्रेक लावला तरी थांबायला तीनशे मीटरच्या आसपास लागणारच. 12 डब्यांची गाडीच मुळी अडीचशे मीटरहून लांब. वळण संपल्यावर तो पोरगा तुला दिसला तेव्हा मध्ये शंभर मीटरही नव्हते, असं तूच आईला म्हणालास. तू म्हणतोस अर्धा सेकंद उशीर झाला. बरं, झाला असं धरू. अर्धा सेकंद म्हणजे 11 मीटर. त्या तीनशेतून अकरा वजा कर आणि मला सांग काय उरतं. हॉर्नचं म्हणशील, तर कानात इअरफोन घातलेले असताना त्याला पहिला हॉर्न ऐकू गेला नाही, तो अर्धा सेकंद आधी कसा गेला असता?

हिशेबाने माणसाचं समाधान होत नाही, हे मला कळतं. तरी हिशेब चुकीचा मांडून कोणी स्वतःला फासावर चढवायला निघालं तर गप्प बसवत नाही.

तू सहावीत असशील. क्वार्टरच्या ओट्यावर मी तुला डेडमॅन हँडल समजावून सांगत होतो. मोटरमनचा हात त्यावर दाबलेलाच हवा, हात सैल पडला की गाडीला आपोआप ब्रेक लागतो. तू विचारलंस, म्हणजे मोटरमन मेला तर गाडी थांबते? मी हो म्हटलं. मग तुझा दुसरा प्रश्न, आणि त्याला शिंक आली तर? ताई हसून हसून लोळली होती. त्या दिवशी तू संध्याकाळपर्यंत मोरीतल्या नळाची मूठ दाबून बसलास, शिंक आली तरी हात हलत नाही हे दाखवायला. पुढे कसाऱ्याहून इगतपुरीला मालगाडी चढवायला लागलास तेव्हा मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना 37 ला 1 चा चढ म्हणजे काय, मागून ढकलायला बँकर इंजिनं का लावतात, हे सांगून त्यांचा जीव खायचो. आणि मोटरमन झाल्यावर तू पहिल्यांदा स्लो लोकल घेऊन निघालास तेव्हा तुला न सांगता मी पहिल्या डब्यात चढलो होतो. चार-पाच हजार माणसं आणि त्यांच्या सगळ्यांच्या पुढे एकट्या तुझा हात. कुर्ल्याला शेजारचा एक जण म्हणाला, हा कोण आहे, गाडी उभी राहिली ते कळलंसुद्धा नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो. छाती फुगलेली लोकांनी बघितली असती तर हसले असते.

असो. सांगायचं होतं ते वेगळंच.

यंदा चातुर्मासात देवळात महाभारत लागलंय आणि गुरुजींचे डोळे गेल्यामुळे वाचायला मी बसतो. तुझी बातमी आली तेव्हा शांतिपर्व चालू होतं. लोकांना वाटतं, लढाई जिंकली, राज्य मिळालं, संपलं महाभारत. खरी पंचाईत तर तिथून पुढे आहे. गंगेवर मेलेल्यांना पाणी देणं चाललंय, आणि कुंती सांगते, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. सगळे महिनाभर तिथेच गंगाकाठी राहतात. नारद भेटायला येतात, तेव्हा धर्मराज त्यांना एक सांगतो. म्हणतो, द्यूतसभेत कर्ण वाटेल ते बोलत होता तरी त्याच्या पायांकडे नजर गेली की माझा राग निवायचा. ते पाय माझ्या आईच्या पायांसारखे होते, आणि का ते मला कळलं नाही. इथे वाचताना माझा आवाज बसला. गुरवाने पाणी आणून दिलं.

मग तो म्हणतो, हे राज्य मला नको, मी वनात जातो. सगळी पृथ्वी हातात आलेली, आणि हा ती ठेवून निघाला. अर्जुन चिडतो. भीम तर चांगलाच फाडून बोलतो. विहीर खणायची आणि पाणी लागायच्या आधी चिखल माखून वर यायचं, तसं हे तुझं, म्हणतो. भुकेल्याला अन्न मिळावं आणि त्याने ते खाऊ नये, तसं. (भीमाला दुसरं काय सुचणार! पण जेवणाचं मी बोलणार नव्हतो.) द्रौपदी सगळ्यांत वरचढ. ती तोंडावर सांगते, तुझे हे भाऊ वेडे नसते तर त्यांनी तुला बांधून ठेवून राज्य चालवलं असतं. आमच्या देवळातल्या बायका या वाक्याला खूश झाल्या.

कोणाचंच त्याला पटत नाही. मग व्यास कुऱ्हाडीचं सांगतात. सगळं करणारा ईश्वर मानलास, तर तू त्याच्या हातातली कुऱ्हाड. रानात कोणी कुऱ्हाडीने झाड तोडलं तर पाप तोडणाऱ्याला लागतं, कुऱ्हाडीला लागत नाही. आणि गंमत बघ, लगेच पुढे शंका आहेच, की मग कुऱ्हाड बनवणाऱ्याला लावायचं का? तेही बसत नाही. मी तिथे पोथीवर बोट ठेवून थांबलो. कुऱ्हाड बनवणारा म्हणजे मी की रे. त्या गाडीचे सिलिंडर कधीतरी माझ्या हाताखालून गेले असतील. मग अर्धं पाप माझ्याही नावावर टाक. मी निवृत्त माणूस, घेतो. पण तू ते टाकणार नाहीस, कारण म्हणशील की अण्णांचा यात काय संबंध. मग तुझा तरी काय?

त्या पोराला मी दोष देत नाही. पूल लांब असला आणि घरी जायची घाई असली की माणूस रूळ ओलांडतो, आपणही ओलांडलेत. मुंबईच्या लोकलवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जातात, त्यात सगळ्यांत जास्त अशीच. एके काळी तर हा आकडा साडेतीन हजारांच्या वर होता. त्या प्रत्येक गाडीच्या पुढे कोणीतरी बसलेला होता. तुझ्या लॉबीत, जिथे तुम्ही ड्युटीवर हजर होता तिथे, जरा वयाने मोठ्या माणसांना विचारून बघ. ते आपण होऊन सांगणार नाहीत. त्यांच्यातल्या कोणाला तू कधी खुनी म्हणालास का?

धर्मराजाचं एक वेळ समजू शकतो. त्याच्याकडे ‘नरो वा कुंजरो वा’ तरी होतं. द्रोणांनी याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि याने तो मोडला. अभिमन्यूला चक्रव्यूहात यानेच पाठवलं, अर्जुनाकडे बघवत नाही असं स्वतःच म्हणतो. त्याच्या दुःखाला बूड होतं. तुझ्याकडे काय आहे? एक खोटा शब्द दाखव, एक चुकलेला सिग्नल दाखव, एक पेग दाखव. हँडल सोडलंस, हॉर्न दिलास, गाडी थांबल्यावर गार्डला सांगितलंस, मेमो दिलास, आणि मग हात थरथरत असताना त्याच हाताने त्या सगळ्या माणसांना कल्याणला पोचवलंस. हे ज्याला जमलं तो माणूस लिहितो की मी पात्र नाही!

बघ, पुन्हा व्याख्यान झालं. तुझी आई म्हणते तेच खरं, मला पोथी वाचायला बसवल्यापासून मी कोणालाच धड बोलू देत नाही. माफ कर. पण एक गोष्ट राहिली आहे, आणि ती लिहायला मघापासून टाळतोय.

एवढे सगळे सांगून थकल्यावरही धर्मराज म्हणतो, मी इथेच अन्नपाणी सोडून देह सुकवतो. प्रायोपवेशन. हे मी देवळात मोठ्याने वाचलं आणि मला पुढची ओळ दिसेना, कारण सूनबाईचा तो ताटाचा फोन त्याच सकाळी आला होता. म्हणून सरळ विचारतो. तुझ्या मनात तसलं काही येतं का? येत असेल तर रात्री दोन वाजता फोन कर, मी जागाच असतो. मला सांगवत नसेल तर आपल्या आशाताईने 14416 नंबर दिलाय, टेलिमानसचा, सरकारी आहे, मराठीत बोलतात. नाहीतर मनाच्या डॉक्टरकडे जा. पाय मोडला असता तर गेलाच असतास. आणि काही येत नसेल तर मला एका शब्दात ‘नाही’ कळव, म्हणजे मी झोपेन.

धर्मराजाला व्यासांनी उठवलं, कृष्णाने समजावलं. मग तो शरशय्येवरच्या भीष्माकडे गेला आणि प्रश्न विचारत सुटला. दोन पर्वं भरून प्रश्न आहेत, राजाने काय करावं, दान कोणाला द्यावं, संकटात धर्म कोणता. भीष्म गेल्यावर पुन्हा गंगेच्या काठी कोसळलाच. म्हणजे एकदा समजावलं आणि बरा झाला असं काही नाही. व्यासांना पुन्हा यावं लागलं. पण त्याने राज्य केलं, 36 वर्षं. दुःख गेलं म्हणून बसला सिंहासनावर असं मला वाचताना कुठे दिसलं नाही. दुःख घेऊनच बसला.

हे वाचून तू उद्या गाडीवर चढावंस असं मी म्हणत नाही. झोप येत नसताना तर मुळीच चढू नकोस, त्या चार-पाच हजारांचा तेवढा हक्क आहे तुझ्यावर. सहा महिने रजा घे. वर्ष घे. छोटीला घेऊन इकडे ये, पडवीचं काम काढायचंच आहे. त्यानंतरही नको वाटलं तर खुशाल लॉबीत बस, कारशेडला जा, मी पुन्हा विषय काढणार नाही. मोटरमन म्हणून तू पुरेसं केलंयस. फक्त दमलो म्हणून सोड, मन लागत नाही म्हणून सोड. गुन्हेगार म्हणून सोडू नकोस. ते खालून दुसरं वाक्य काढून टाक, बाकी अर्ज तसाच राहू दे. सही कर आणि दे. आधीचा परत मागता येतो, मी आपल्या जुन्या युनियनच्या माणसाला विचारून घेतलंय. (तुझं नाव सांगितलं नाही.)

मी येत्या शुक्रवारी तुतारी एक्सप्रेसने निघतोय, शनिवारी पहाटे ठाण्याला उतरेन. घ्यायला येण्याची गरज नाही, मी लोकलने येईन.

तुझा,
अण्णा

ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, एवढं महाभारत सांगायची काही गरज नव्हती. पोराला नको असेल तर नको, तुमचा ब्रेक आणि तुमचा धर्मराज तुमच्यापाशी ठेवा, आणि ते वाक्य राहिलं काय नि गेलं काय, त्याने कोणाचं काय बिघडतं. मी म्हटलं बिघडतं. यावर आमचं कालपासून जमलेलं नाही. तीही माझ्याबरोबर येते आहे, तिचं काय ते ती तुला सांगेल. खालचा बर्थ एकच मिळालाय, त्यावरूनही वाद चालू आहे.