शिष्यवृत्तीचे आमिष आणि न छापलेली फी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पॅरामेडिकल, हॉटेल मॅनेजमेंट, फायर सेफ्टी अशा अभ्यासक्रमांच्या जाहिराती बसस्थानकाच्या भिंतींपासून रिक्षांच्या पाठीपर्यंत झळकू लागतात. ‘शिष्यवृत्तीची सोय’ हे शब्द त्यांत ठळक असतात. पूर्ण अभ्यासक्रमाची फी किती, हे मात्र सहसा छापलेले नसते. मी चोपडा तालुक्यात महा ई-सेवा केंद्र चालवतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना मुलांच्या पावत्या नजरेखालून जातात, म्हणून हे पत्र.

भाव वाढेल या आशेने घरात ठेवलेला कापूस विकून एका शेतकऱ्याने मुलाचा पहिला हप्ता भरला होता. उरलेली फी शिष्यवृत्तीतून वळती होईल, असे त्याला संस्थेत सांगितले होते. पावतीवर ‘प्रवेश फी’ एवढेच लिहिलेले, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘भरलेली रक्कम परत मिळणार नाही’. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर जिल्हा निवडला, तालुका निवडला, आणि पुढे आलेल्या महाविद्यालयांच्या यादीत त्या संस्थेचे नावच नव्हते. जातीचा व उत्पन्नाचा दाखला बिनचूक असूनही अर्ज तिथेच थांबला. मूळ गुणपत्रिका संस्थेने ठेवून घेतली होती, त्यामुळे दुसरीकडे प्रवेश घेण्याची वाटही अडली.

सरकारी योजना नाहीत, असे नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, याच मर्यादेतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. परंतु ही माफी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांनाच मिळते. व्यवस्थापन कोट्यातून गेलेली मुलगीही तिला मुकते, तेथे दुकानवजा संस्थेची काय कथा! व्यावसायिक महाविद्यालयांच्या फीवर २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरणाचे नियंत्रण असते, या संस्थांची फी मात्र मालक ठरवील ती. पावतीत १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला, तर पालकांनी तेथेच सावध व्हावे, कारण कायद्याने मान्य पदवी-पदविकेच्या फीवर हा कर लागत नाही. (कर नसला म्हणजे मान्यता आहे, असे मात्र समजू नये, छोट्या संस्थांची जीएसटी नोंदणीच नसते.)

सर्वांत घातक प्रकार ‘सुलभ हप्त्यां’चा आहे. संस्थेच्या कार्यालयातच वित्त कंपनीचा माणूस बसलेला असतो आणि फी म्हणून ज्या कागदावर वडील सही करतात, ते प्रत्यक्षात त्यांच्या नावावरचे कर्ज असते. कंपनी संस्थेला पैसे देऊन मोकळी होते. मुलाने शिक्षण सोडले तरी हप्ते चालूच राहतात.

अशा संस्थांना पूर्ण अभ्यासक्रमाची एकूण फी, मान्यता देणाऱ्या मंडळाचे नाव आणि शिष्यवृत्ती लागू आहे की नाही, हे दर्शनी फलकावर लिहिणे जिल्हा प्रशासनाने बंधनकारक करावे. शिष्यवृत्तीस पात्र महाविद्यालयांची तालुकावार यादी समाजकल्याण विभागाने निकालाच्या आठवड्यातच वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावी. तोवर पालकांनी पैसे भरण्यापूर्वी जवळच्या सेवा केंद्रात जाऊन संस्थेचे नाव महाडीबीटीच्या यादीत पाहून घ्यावे. त्याला पाच मिनिटे पुरतात.

आपला,
एक सेवा केंद्रचालक, ता. चोपडा, जि. जळगाव