गोट्याचं लिहायलोय

सच्या मर्दा,

तुझे दोन मिस्ड कॉल बघूनबी उचलले न्हाईत, राग धरू नकोस. फोनवर तोंडातनं निघालं नसतं म्हणून लिहायलोय. आक्काचा गोट्या, तुझ्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियमवर मॅच बघायचा तो, आता १९ चा झालाय आणि गेले चार महिने इंजेक्शन टोचून घेत होता.

गांजाबिंजा नव्हे रे, त्याचा वास तरी येतो. हे मेफेंटरमाइन, ऑपरेशनात भूल दिल्यावर बीपी उतरलं की डॉक्टर देतात ते. जिममधल्या कुणीतरी सांगितलं दम वाढतोय, पोलीस भरतीचं १६०० मीटर सोपं जातंय. आता पोरगं पहाटे पाचला उठून पळतंय, दूध पितंय, दारूला शिवत न्हाई, शंका कुणाला येणार? आक्का तर गल्लीभर कौतुक सांगायची. मे महिन्यात फुल बाह्या घालून फिरायचा ते मीबी बघितलं होतं, म्हटलं फॅशन असंल. रात्रभर झोप न्हाई, हात थरथरायचे, कशावरनंबी ताट ढकलायचा. शेवटी पळायच्या बुटात, मोज्यात गुंडाळलेली काचेची बारकी बाटली सापडली, निम्मी भरलेली.

दाजी पट्टा काढूनच उठले, मी मध्ये पडलो. तालमीत वस्ताद पोराच्या श्वासावरनं ओळखायचा रे, काय खाऊन आलाय. जिमला फी घ्यायला माणूस आहे, बाकी ज्याचं त्यानं बघायचं.

केस झाली तर भरती गेली, म्हणून दाजींना सगळं घरातच दाबायचं होतं. मी रात्री गच्चीवर जाऊन १४४४६ ला फोन लावला, सरकारचाच व्यसनमुक्तीचा नंबर, फुकट आहे. तिकडच्या बाईंनी विचारलं, सुई एकमेकांची वापरली काय? माझ्या डोक्यातबी आलं नव्हतं. मग ईसीजी, एचआयव्ही, काविळीच्या तपासण्या, सगळं नीट आलं बघ, आणि मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडं सुरुवात केली. दाजी मधेच "मुक्तांगणात टाकतो" म्हणून दम द्यायचे, जसं काय पुण्यात १९८६ पासून व्यसनमुक्ती केंद्र न्हाई, जेलच चालवायलेत.

बंद केल्यावर आठ दिवस नुसता झोपून, उठला की रडायचा. मी शेजारी बसायचो, बाकी काय करणार. एकदा म्हणाला, "मामा, त्याच्याशिवाय पळालो तर मी किती हळू आहे ते सगळ्यांना कळंल." ह्याच्यावर काय बोलायचं सांग.

गेल्या मंगळवारी परत घसरला. पण स्वतः येऊन सांगितलं, मला तेच मोठं वाटतंय, दाजींना न्हाई वाटत.

आता रोज संध्याकाळी दोघं रंकाळ्याला एक चक्कर मारतो, चालत. तुला सांगू का विचारलं, तर मान हलवली त्यानं. रविवारी फोन कर त्याला. भरतीचं काढू नकोस, त्याची टीम सेमीला कशी हरली ते काढ. शिव्या घालंल तुला, घालू दे.

तुझा,
बाळ्या