थंडीचं काय, दव सांभाळ

नागपूर,
२८ डिसेंबर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारत होतास, माझ्या सह्याद्रीतल्या पायी भटकंतीत सॅक कशी निघाली, तंबू टिकला का, स्लीपिंग बॅग पुरली का. ऑफिसात असल्यामुळे नीट बोलता आलं नाही. तू जानेवारीत एकटाच जाऊन राहिला म्हणतोस आणि हेच सामान नेणार आहेस, म्हणून सविस्तर लिहितो. अकोल्याहून निघायच्या आधी हे एकदा वाचून काढ.

वाट तुला माहीत आहे. रात्रीच्या गाडीनं इगतपुरी, तिथून बारी, पहिल्याच दिवशी कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच ठिकाण. मग भंडारदऱ्याच्या पाण्याच्या कडेनं रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड, आणि शेवटी तोलार खिंडीतून उतरून खिरेश्वर. नकाशावर ही रेघ लहान दिसते. पाठीवर अकरा किलो घेऊन चालताना ती लहान राहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण विदर्भातले लोक थंडीची तयारी करून जातो. स्वेटर, माकडटोपी, लोकरीचे मोजे, सगळं असतं. पण नागपुरातही डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातोच की, तेवढ्या थंडीची आपल्या हाडांना सवय आहे. आपली थंडी कोरडी असते, एवढाच फरक. तिकडे घाटमाथ्यावर कोकणातून वर चढलेल्या हवेत ओल असते. आभाळ निरभ्र असलं की रात्री तंबूचं कापड आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. मग बाहेरून दव आणि आतून आपल्याच श्वासाची वाफ, दोन्ही त्या कापडावर पाणी होऊन बसतात. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापासून थोडं दूर, मोकळ्यावर तंबू लावला होता. पहाटे हात लावला तर कापड पाऊस पडून गेल्यासारखं ओलं. बॅगेचा पायाकडचा भाग आतल्या कापडाला टेकला होता, तोही दमट झाला होता.

याचं उत्तर कुमशेतच्या एका मावशींनी दिलं. भात कापून रिकामी झालेली सपाट खाचरं दिसली, तिथं जागा बघत होतो. त्या घराच्या ओट्यावरून म्हणाल्या, "दादा, खाचरात नका लावू, तिथं लई दव पडतं. आंब्याखाली या." आंब्याखाली लावला, आणि सकाळी तंबू जवळजवळ कोरडा! खाचर सखल असतं, गार हवा तिथं येऊन साचते आणि जमिनीतही ओल असते. झाडाखाली कापडाच्या आणि आभाळाच्या मध्ये पानांचं छत येतं. मला मागाहून हे सगळं समजलं, त्यांना ते रोजच्या राहण्यातून ठाऊक होतं. त्यांच्याकडे नाचणीची भाकरी आणि पिठलं खाल्लं. असं जेवण चालून आल्यावर मिळालं ना, की माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं राजा.

तर तंबूचं. तोच आपला दोन माणसांचा, दोन थरांचा. एकट्याला अडीच किलोच्या आसपास वजन वाहावं लागतं, ते जड जातं खरं, पण मी पुन्हाही तोच नेईन. एका थराचा हलका तंबू मिळतो, तो तिकडे अजिबात नेऊ नकोस. दोन थर असले की पाणी बाहेरच्या थराच्या आतल्या बाजूनं ओघळून जातं, तुझ्या अंगावर टपकत नाही. फक्त बाहेरचा थर नीट ताणून बांध, आतल्याला टेकू देऊ नकोस, आणि वरच्या झडपा कितीही गार वाटलं तरी उघड्या ठेव. दार घट्ट लावून घेतलंस तर वाफ आत कोंडते आणि पहाटेपर्यंत जास्त थंडी वाजते. दाराची चेन एका ठिकाणी दात सोडायला लागली होती. पकडीनं स्लायडर दोन्ही बाजूंनी हळूच दाबला आणि चेनवर मेणबत्ती घासली, शेवटपर्यंत चालली. ती छोटी पकड तशीच डब्यात ठेवली आहे, काढू नकोस.

हरिश्चंद्रगडावर वारा होता. एकट्यानं वाऱ्यात तंबू लावायचा तर आधी वाऱ्याकडच्या बाजूच्या खुंट्या ठोकायच्या, सॅक आत टाकायची, मग दांड्या उभ्या करायच्या. उलट केलंस तर तंबू हातातून उडतो, आणि दुसरा माणूस धरायला नसतो. तंबू कुठे लावू देतात ते पाचनईत वनखात्याच्या लोकांना विचारूनच वर चढ, तो सगळा भाग अभयारण्यात येतो.

स्लीपिंग बॅगेबद्दल तुझा आग्रह पिसांच्या बॅगेचा आहे. वजनाला ती हलकी, हे कबूल. पण पिसं ओली झाली की चिकटून बसतात, त्यांच्यातली हवा जाते, आणि ऊब त्या हवेचीच असते. लडाखच्या कोरड्या हवेत तिच्यासारखी वस्तू नाही. सह्याद्रीच्या दवात कृत्रिम धाग्यांची बॅगच बरी, दमट झाली तरी ऊब धरून ठेवते. आईच्या जुन्या सुती नऊवारीची लांब पिशवी शिवून मी आत घातली होती. ऊब वाढली, बॅगही स्वच्छ राहिली. ती पिशवी तुला देतो. तोंड मात्र बॅगेच्या बाहेर ठेवून झोप, नाहीतर रात्रभराचा श्वास बॅगेतच मुरतो.

खाली फोमची साधी मॅट होती. फुगवायची मॅट मऊ असते, पण करवंदाच्या जाळ्या जिथं तिथं, एक काटा गेला की रात्र दगडावर. रतनगडाच्या गुहेत झोपलो तेव्हा डोक्यावर छत असल्यामुळे दवाचा प्रश्नच आला नाही, पण खालचा कातळ अंगातली ऊब ओढून घेत होता. फोमची मॅट नसती तर झोप आली नसती.

सॅक पन्नास लिटरची पुरेशी आहे. जड सामान पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर भर. रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर याचं महत्त्व कळतं. वजन मागे लोंबत असेल तर सॅक तुला शिडीपासून मागे ओढते, आणि खाली बघवत नाही. कमरेचा पट्टा हाडावर घट्ट बसव, खांद्यांवर फक्त तोल राहिला पाहिजे. छातीच्या पट्ट्याचं प्लास्टिकचं बकल कळसूबाई उतरतानाच तुटलं. जास्तीचं एक इतवारीतून आणून ठेवलं होतं, तिथंच बसून बदललं. पावसाचं कव्हर नेऊ नकोस, त्यापेक्षा सॅकच्या आत जाड पॉलिथिनची मोठी पिशवी घाल. ओला तंबू बाहेर बांध, कोरडं सगळं आत.

बुटांचं मात्र मनापासून सांगतो, ऐक. निघायच्या आधी बर्डीवरच्या एका मोच्याकडे नेऊन दोन्ही तळवे चारही बाजूंनी नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून घेतले होते. कात्राबाईच्या उतारावर सुटी माती आणि वाळलं गवत, पाय सतत घसरतो आणि सगळा जोर बोटांकडच्या शिवणीवर येतो. एका बुटाचा गोंद पुढून सुटला, पण तळवा जागचा हलला नाही. दोऱ्यानं धरून ठेवला. त्या माणसानं शंभराच्या आतबाहेर पैसे घेतले होते, परत आल्यावर जाऊन त्याला बूट दाखवले. त्याला आनंद झाला, मलाही झाला.

तुझे कॉलेजच्या वेळचे बूट माळ्यावर आहेत, ते घालून जाईन म्हणालास. ते आधी खाली काढ. तळव्याच्या मधला थर पॉलियुरेथेनचा असला तर न वापरताही वर्षानुवर्षं हवेतली ओल शोषून तो आतून कुजतो. दिसायला नवा, आणि अर्ध्या दिवसात भुगा. अंगठ्यानं जोरात दाबून बघ, बूट दुमडून बघ. भेगा दिसल्या किंवा चुरा पडला तर शिवून उपयोग नाही, नवे घे. आणि नवे घेतलेस तर निदान दोन आठवडे रोज घालून फिर.

स्टोव्ह नेला नव्हता. रेल्वेत गॅसचा डबा चालत नाही, आणि जंगलात वाळलेलं गवत असताना जाळ करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, सातूचं पीठ एवढ्यावर दुपार निघते, रात्रीचं जेवण गावात मिळतं. पहिल्या दिवसापुरती चार संत्री घे. पाणी गडावरच्या टाक्यांतलं, सुती कापडातून गाळायचं, क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. टाकं गढूळ असेल तर क्लोरीनचा जोर कमी पडतो, म्हणून आधी गाळणं सोडू नकोस.

आणि दुपट्टा! आपला उन्हाळ्यातला डोक्याला बांधायचा सुती दुपट्टा. त्यानंच पाणी गाळलं, तंबूवरचं दव पुसलं, ऊन अडवलं, खिंडीतल्या वाऱ्यात कान बांधले. दोन ने, एक नेहमी कोरडा राहील असा.

कात्राबाईच्या जंगलात एकटा शिरू नकोस. ढोरवाटा फुटतात, सगळ्या सारख्याच दिसतात, मोबाइलला रेंज नसते. मी रतनवाडीतून वाटाड्या घेतला होता. तो पुढे चालायचा आणि प्रत्येक ओढ्याचं नाव सांगायचा. खिंडीत उभा राहून म्हणाला, मागचं पाणी प्रवरेला जातं, पुढचं मुळेला. एवढं एक वाक्य ऐकायला मी पुन्हा तेवढं चालून जाईन. बाकीच्या वाटेवर एकटा जा, खुशाल जा. हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याच्या काठापासून मागे सरकून संध्याकाळी बस, सूर्य कोकणात उतरताना बघ. त्या वेळी कोणाशी बोलायची गरज वाटत नाही.

घरी रोजच्या मुक्कामाचं गाव लिहून ठेव. वहिनींना माझाही नंबर दे.

तंबू गच्चीवर दोन दिवस वाळवला आहे. ओला गुंडाळून ठेवला तर आतलं कोटिंग चिकट होऊन सुटतं, तूही आल्यावर आधी तेच कर. येत्या शनिवारी सकाळी नागपूरला ये. सॅकमध्ये दहा किलो भरू, पट्टे तुझ्या अंगाला बसवू आणि सेमिनरी हिल्सवर दोन-तीन तास चालू. कुठं टोचतं, कुठं घासतं ते इथंच कळेल. बूट घेऊन ये, माळ्यावरचे.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
विनय