साखरेच्या आकड्यापलीकडची तपासणी हवी

गावोगावच्या मधुमेह तपासणी शिबिरांचे स्वागत करणारा आपल्या दैनिकातील अग्रलेख वाचला. त्यातील भूमिकेशी मी सहमत आहे, मात्र साखरेचा आकडा चिठ्ठीवर लिहून देऊन शिबिर आटोपणे पुरेसे नाही, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींच्या एकाच थराचे नाजूक अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल ठेवते आणि रक्ताला भिंतीशी गोठू देत नाही. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की ही क्षमता घटते, अस्तराचा दाह होतो, घातक कोलेस्टेरॉल भिंतीत शिरते, ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी तेथेच अडकतात आणि चरबीचा थर साचून वाहिनी अरुंद होत जाते. या काळात दुखत काहीच नाही, म्हणून कापूस वेचणीच्या दिवसांत गोळ्या मागे पडतात. मधुमेहींना हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो, शिवाय मज्जातंतू बधिर झाल्यास छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. आमच्या खेड्यातून यवतमाळ गाठेपर्यंत मोलाचा वेळ हातचा गेलेला असतो. म्हणून शिबिरातच रक्तदाब मोजावा, कोलेस्टेरॉलसाठी रक्ताचा नमुना घ्यावा, पावलांतील नाडी पाहावी आणि खर्रा सोडण्याविषयी स्पष्ट बोलावे, कारण तंबाखू हेच अस्तर पोखरते. ज्यांचे अहवाल बिघडलेले येतील, त्यांच्या घरी आशाताईंनी महिन्याभरात पुन्हा जावे, अशी सोय आरोग्य विभागाने करावी.

– एक निवृत्त शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ